दाब

३ मार्च

दादा,

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहिते आहे. उजवा बरा आहे. प्लास्टर अजून तीन आठवडे.

आधीची दोन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. हेही परत आलं तरी पुढचं लिहीन. तुरुंगात भेटीच्या खिडकीवरचा शिपाई मला म्हणाला, "बहिणीला भेटायचं नाही म्हणतो. आई चालेल म्हणतो." म्हणून आई आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर चाळीस मिनिटं बसले. तुझे पुढचे दोन दात गेलेत आणि ओठ शिवलाय, असं तिनं येऊन सांगितलं. तू तिला म्हणालास, ओल्या फरशीवर पडलो. आई म्हणाली, "तिथल्या फरशीला बोटं आहेत वाटतं. गळ्यावर पाचही उमटलीत."

शेड सुरू आहे. वेल्डरकाका परत आले. डोक्याला अकरा टाके. "आत काही नव्हतंच, त्यामुळे नुकसान नाही," म्हणाले आणि कामाला लागले. जमिनीवरचा डाग त्यांनी तीन वेळा घासला. तुला सांगायला हवं म्हणून लिहिते, तो गेला नाही. आता त्यावर रबरी चटई आहे.

आता कामाचं. बावीस तारखेला माझी साक्ष आहे. वकीलबाईंना मी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे आपल्या दोघांच्या सांगण्यात फरक पडायला नको.

मी सांगितलं: आम्ही भाऊ-बहीण जुन्या एसी आणि फ्रिजमधला गॅस काढून घ्यायची कंपनी चालवतो. भंगारात यंत्र फोडलं की हा गॅस हवेत जातो, आणि एक किलो गॅस जवळजवळ दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. तो आम्ही सिलिंडरमध्ये भरतो आणि बाराशे अंशांच्या भट्टीत पाठवून नष्ट करतो. भरताना एक जण मशीनच्या चावीवर असतो, दुसरा दाबमापकासमोर. चावीवरचा ओरडतो, "दाब." मापकासमोरचा आकडा सांगतो. "सोळा." "दाब." "अठरा." दिवसातून दोनशे वेळा. आमच्याकडे हा शब्द हुकूम नाही, प्रश्न आहे.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. शेडवर चालून आलेल्या चौघांपैकी एकानं पळता पळता शटरपाशी थांबून मोबाइलवर जो व्हिडिओ काढला, त्यात दिसत काहीच नाही. पाय, पांढरी वाफ, शटर. पण माझा आवाज स्वच्छ आहे. "दाब." एकदाच. त्यानंतर जे झालं त्यानं भंगारवाला तांब्या मेला. आता खटला त्या एका शब्दावर आहे. तो प्रश्न असेल तर मी मापकाचा आकडा विचारत होते आणि तू जे केलंस ते एकट्यानं केलंस. तो हुकूम असेल तर दोघांनी केलं.

"हे कोर्टात असंच सांगा," त्या म्हणाल्या. "अगदी अशाच थंडपणे."

मी म्हणाले, मला दुसऱ्या पद्धतीनं येत नाही.

पोलिसांना तू त्या शब्दाबद्दल काहीच सांगितलेलं नाहीस. कागदपत्रांत मी शोधलं. का, ते कळवलंस तर बरं होईल.

९ मार्च

दादा,

ते पत्र परत आलं नाही. फाडलं असशील किंवा वाचलं असशील. वाचलंस असं धरते.

एक गोष्ट तुला माहीत नाही. ते चौघं आले ते माझ्यामुळे.

भंगार बाजारात तू चार महिने जाऊन बसत होतास. छिन्नीचा एक घाव घातला की तांब्याची नळी सुटते आणि गॅस फुस्स करून जातो. तू त्यांना सांगायचास, आधी आमची नळी जोडा, वीस मिनिटं थांबा, मग तांबं तुमचंच. ते हसायचे. तांब्या सगळ्यांत जास्त. ते नाव तूच पाडलंस, तांब्याशिवाय त्याला काही दिसत नाही म्हणून. तो तुला म्हणायचा, "आणि तुम्ही काय, दादासाहेब? मुठीत वारा धरून घरी नेता. बायको घरात घेते का?" तू म्हणालास, "म्हणून तर केली नाही." तरी त्या बाजारातला पहिला न फोडलेला एसी त्यानंच पाठीवर घालून आणला. आणि तू त्याला शब्द दिलास की आमच्याकडून तुमच्यावर कधी धाड येणार नाही.

मी त्याच गल्लीतून खिशात गॅसशोधक घेऊन फिरत होते. आपण दिवसाला नऊ किलो पकडत होतो. ती गल्ली चाळीस सोडत होती. तू म्हणालास, सहा महिने दे. चौथ्या महिन्यात मी लेखी तक्रार केली. दुकानांचे क्रमांक, तारखा, मोजमापं. कंपनीच्या कागदावर, माझ्या सहीनं.

अकरा दुकानांना सील लागलं. तांब्याच्या बापानं शटर सोडलं नाही, तेव्हा दोघा शिपायांनी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं. हनुवटी पायरीपायरीवर आपटत गेली. जिभेचा तुकडा पडला. म्हातारा आता बोलत नाही.

हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे तिसऱ्या दिवशी. हल्ला सातव्या दिवशी झाला. तुला सांगायला माझ्याकडे चार दिवस होते.

१४ मार्च

दादा,

परवा कोणीतरी शेडच्या शटरवर पेट्रोल ओतून पेटवलं. संध्याकाळचे पाच, रस्त्यावर रहदारी, कोणी थांबलं नाही. वेल्डरकाकांनी वाळूच्या बादल्या मारून विझवलं. त्यांच्या भुवया गेल्या. आता सतत आश्चर्य वाटत असल्यासारखे दिसतात. "या वयात चेहऱ्यावर भाव आले," म्हणाले.

आत एकसष्ट भरलेले सिलिंडर आहेत. भट्टीवाले खटला संपेपर्यंत माल घ्यायला तयार नाहीत. आग आत शिरली असती तर आपण दोन वर्षांत जे पकडलं त्यातलं बरंच एका तासात वर गेलं असतं, काकांना घेऊन.

काल आपल्या कंपनीत पैसे घातलेले फंडवाले साहेब आले. उभ्यानंच बोलले, खुर्चीवर काजळी होती.

"भावनेनं बघू नका," म्हणाले. "तुमचा भाऊ तसाही आत जाणार. तुम्ही बाहेर राहणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही बाहेर तर कंपनी जिवंत. वर्षाला दहा शहरं. तुम्हीच मला आकडे दाखवले होते, किती लाख टन वाचतील ते. आणि दुसऱ्या बाजूला काय आहे?"

"एक शब्द."

"झालं तर मग. तो शब्द काय होता ते तुम्ही ठरवा. तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते गेल्यावर मी कागद घेऊन बसले आणि त्यांचे आकडे पुन्हा मांडले. बरोबर आहेत. एका माणसाची वीस वर्षं एका बाजूला ठेवली तर काटा हलतसुद्धा नाही. हे मी यापूर्वीही एकदा मांडलं होतं, तक्रार लिहिण्याच्या आदल्या दिवशी. तेव्हाही बरोबर आलं होतं.

१८ मार्च

दादा,

काल दुपारी तांब्याची बायको आली. काका भट्टीवाल्यांकडे गेले होते, मी एकटी होते. तिच्या हातात छिन्नी होती. मला वाटलं, माझ्यासाठी आणली आहे. मी टेबलाच्या पलीकडे गेले, दार तिच्या बाजूला होतं.

ती खिडकीपाशी गेली आणि काचा फोडायला लागली. एकेक. घाई नव्हती. सात फोडल्या. आठवीला तिचा पंजा कापला, रक्त कोपरापर्यंत आलं. तिनं ते कपड्याला पुसलं आणि नववी फोडली. मी थांबवलं नाही.

मग वळली. "व्हिडिओ माझ्याकडे आहे," म्हणाली. "रोज ऐकते. तुझा आवाज मला पाठ झालाय."

मी तिला नीट समजावलं. चावी, मापक, आकडा, दिवसातून दोनशे वेळा. वकीलबाईंना सांगितलं तसंच. तिनं मधे तोंड घातलं नाही.

"असं होय. मग विचार बघू."

"काय?"

"तेच. रोज विचारतेस तसं."

मी म्हणाले, "दाब?"

"ऐकलंस? वर गेला. विचारताना माणसाचा आवाज वर जातो, बाई. त्या दिवशी तू खाली आणलास."

ती टेबलाला वळसा घालून आली. मी हललेच नाही. तिनं छिन्नीची मूठ माझ्या प्लास्टरवर मारली. एकदाच, पण सगळा खांदा लावून. मी खाली बसले. ती माझ्यावर वाकली. तिच्या हातातलं रक्त माझ्या केसांत पडत होतं. मग म्हणाली, "त्यानं हात आपटले होते. शरण आलो म्हणून. तेही ऐकू येतं," आणि गेली.

पोलिसांना कळवलेलं नाही. काचा वाऱ्यानं फुटल्या असं काकांना सांगितलं. काका म्हणाले, "वारा हल्ली रक्त सांडतो होय?" आणि फडकं घेऊन आले.

संध्याकाळी आई तुला भेटून आली. म्हणाली, तू माझ्याबद्दल एकच विचारलंस: "ती काय विचारत होती म्हणते?" आईला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटतं मला कळलं. रात्रंदिवस तू त्याच शब्दापाशी आहेस. आपण चुकीचं तर ऐकलं नाही ना, एका आकड्यासाठी माणूस तर मारला नाही ना, म्हणून. दादा, तसं असेल तर तुला तिथे तसं ठेवणं मला जमणार नाही.

२१ मार्च

दादा,

उद्या साक्ष. हे आज काकांच्या हाती पाठवते, म्हणजे तुला कोर्टाआधी मिळेल.

पोलिसांनी कॉम्प्युटर नेला. मशीनच्या पोटात मी बसवलेली नोंदपेटी त्यांना माहीत नाही. ती स्वतःच्या बॅटरीवर चालते आणि दर सेकंदाला दाब आणि वजन लिहून ठेवते. आठ दिवसांपूर्वी मी ती काढली. व्हिडिओत शटर आपटल्याचा आवाज आहे, आणि त्याच धक्क्यानं वजनाची नोंद हललेली आहे. त्यावरून दोन्ही घड्याळं जुळवली. चूक अर्ध्या सेकंदाच्या आत.

३ वाजून ११ मिनिटांनी ते आत आले. काकांना पहिल्याच फटक्यात पाडलं. दोघांनी तुला भिंतीला दाबून धरलं आणि गुडघ्यांनी मारत राहिले. तांब्या माझ्याकडे आला. माझा उजवा हात मनगटाला धरून लोखंडी टेबलावर आडवा केला आणि विचारलं, "याच हातानं लिहिलंस?" मी हो म्हणाले. खरं होतं. पहिला हातोडा मधल्या बोटावर बसला. दुसरा अनामिकेवर. तिसऱ्यासाठी त्यानं हात उचलला तेव्हा तो रडत होता, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

त्यांच्यातल्या चौथ्यानं छिन्नीनं मशीनची नळी कापली. द्रव तुझ्या गालावर उडाला आणि कातडी जागच्या जागी पांढरी झाली. वाफ पसरली. विष आहे म्हणून तिघं पळाले. तू सुटलास आणि आधी सिलिंडरची चावी बंद केलीस. गाल जळत असताना आधी चावी. मग चार फुटी पाइप घेऊन तांब्याच्या गुडघ्यामागे मारलास. तो उताणा पडला. तू पाइप त्याच्या गळ्यावर आडवा ठेवलास आणि दोन्ही टोकांवर गुडघे टेकवलेस.

३ वाजून १४ मिनिटं २० सेकंद: दाब शून्य. नळी कापलेली, चावी बंद, मशीनमध्ये काही उरलेलं नाही. मापकाचा काटा मला जिथून दिसत होता तिथून तो तळाला टेकलेला दिसत होता.

तांब्यानं तळहात जमिनीवर आपटला. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. तुझे गुडघे सैल पडले. पाइप वर आला, त्यानं श्वास घेतला, तो श्वासही व्हिडिओत आहे.

३ वाजून १५ मिनिटं ०१ सेकंद: मी म्हणाले, "दाब."

मधे एकेचाळीस सेकंद आहेत. पेटीत एकेचाळीस शून्यं आहेत. रिकाम्या मशीनचा दाब कोणी विचारत नाही.

तू चुकीचं ऐकलं नाहीस. ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. पेटी पुसायला एक बटण पुरेसं होतं. आठ दिवस ती माझ्या टेबलावर होती आणि त्यातल्या पाच दिवशी मी ती पुसायला उघडली. उद्या ती कोर्टात देते आहे.

काकांना कामं लिहून दिली आहेत. दुसऱ्या गावची एक भट्टी एकसष्ट सिलिंडर घ्यायला तयार झाली आहे. नेताना उभे बांधायचे, उन्हात ठेवायचे नाहीत. आईला आज जेवताना सांगितलं. तिनं ताट सरकवलं आणि माझ्या तोंडात मारली. मग तेच ताट पुन्हा पुढे ओढून जेवली, कारण उद्या सकाळी लवकर निघायचं आहे म्हणाली.

२९ मार्च, महिला विभाग

दादा,

कोर्टात तू होतास, पण माझ्यापासून वीस फुटांवर आणि पाठमोरा. कोणाला काय ऐकू गेलं माहीत नाही, म्हणून लिहिते.

न्यायाधीशांनी विचारलं, "त्या वेळी तुम्ही काय विचारत होता?"

मी म्हणाले, "विचारत नव्हते. सांगत होते."

वकीलबाईंनी डोळे मिटले. मी पेटी दिली, नोंदी वाचून दाखवल्या, घड्याळं कशी जुळवली ते सांगितलं. एकदा पाणी मागितलं. तांब्याची बायको दुसऱ्या रांगेत होती. तिनं मान खाली घातली नाही, मीही नाही.

मग तू उठलास. दोन शिपायांनी तुला खाली ओढलं तरी उठलास. "ती खोटं बोलतेय," म्हणालास. "ती दाब विचारत होती. मी आकडा सांगितला. हळू सांगितला म्हणून व्हिडिओत नाही." न्यायाधीशांनी विचारलं, किती सांगितला. तू म्हणालास, "अठरा." दात नसल्यामुळे ते नीट उमटलं नाही, लेखनिकानं दोनदा विचारलं आणि तू दोन्ही वेळा अठराच म्हणालास. शिपायानं तुझ्या बरगडीत कोपर मारलं तेव्हा तू टेबलावर आपटलास, पण तोवर ते लिहून झालं होतं.

त्यांनी मला विचारलं, भाऊ म्हणतो ते शक्य आहे का. मी म्हणाले, नाही. नळी कापलेली होती. अठरा येणारच नाही.

इथे पहिल्या रात्री दोघींनी मला धुतलं. तांब्याच्या गल्लीतल्या आहेत. तक्रार केलेली नाही. मधलं बोट पुन्हा मोडलं, आता वाकत नाही. डाव्या हातानं मी बऱ्यापैकी लिहायला लागले आहे.

वकीलबाई काल येऊन गेल्या. चिडल्या होत्या. "शिक्षा वाटून मिळत नाही, कळतंय का तुम्हाला?" म्हणाल्या. "दोघांना पूर्ण लागते. त्याचं एक वर्षसुद्धा तुम्ही कमी केलं नाही. कंपनी गेली, आई एकटी पडली. मिळालं काय?"

मी म्हणाले, मिळण्यासाठी नव्हतं.

पण एक चूक मी केली आणि ती दुरुस्त करून ठेवते. "ती काय विचारत होती म्हणते?" असं तू आईला विचारलंस, ते मी शंका समजले. तुला शंका नव्हती. मी कोर्टात काय सांगणार आहे ते तुला हवं होतं, म्हणजे तू तेच सांगितलं असतंस. म्हणूनच अठरा तयार होता. तू ते सकाळपासून तोंडात धरून बसला होतास.

प्रश्न वाटला असता, तर दोन वर्षांच्या सवयीनं तुझी मान मापकाकडे वळली असती. ती वळली नाही. पाइप सैल धरून तू माझ्याकडे बघत होतास. मी तो शब्द बोलले, आणि तरीही तू थांबलास. मी कोर्टात सगळं क्रमानं सांगितलं, फक्त यापुढचं नाही. मला कोणी विचारलं नाही. व्हिडिओत ते नाही, पेटीत नाही, तुझ्या जबाबात नाही आणि आजपर्यंत माझ्याही नव्हतं.

तू थांबलास, आणि मी मानेनं हो म्हटलं.